हिरवा दिवा लागेपर्यंत

मागच्या अंकात चष्म्याचा नंबर वाढल्याचं रडगाणं गाता गाता मी लिहून गेलो की, हल्ली मीसुद्धा ऑटोफोकसचा फिल्म कॅमेरा वापरतो. त्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आला. निम्मी पत्रं चिडवणारी आहेत, आणि चिडवायला जागाही आहे. दुरुस्तीच्या टेबलाशी बसून वर्षानुवर्षं मीच म्हणत आलो की, ज्याला हातानं फोकस लावता येत नाही त्यानं फोटो काढू नये. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर कॅमेऱ्यातल्या दुधी काचेवरची धार मला दिसेनाशी झाली आणि ते वाक्य मुकाट्यानं गिळावं लागलं. चिडवणाऱ्यांना एवढंच उत्तर पुरे. ज्यांनी खरंच काही विचारलंय त्यांच्याकडे वळू.

प्रश्न : मावशीनं कपाट आवरताना सापडलेला मिनोल्टा ७००० एएफ मला दिला. सोबत ३५-७० एफ/४ लेन्स आहे. शोधायला गेलो तर याच कॅमेऱ्याची तीन नावं दिसतात : मॅक्सम, अल्फा आणि नुसताच ७०००. हे वेगवेगळे कॅमेरे आहेत का? आणि लोक याला एवढं का नावाजतात?

कॅमेरा एकच. १९८५च्या फेब्रुवारीत तो आला. जपानमध्ये अल्फा-७०००, उत्तर अमेरिकेत मॅक्सम ७००० आणि युरोपात ७००० एएफ, अशी पाटी बदलत गेली. मॅक्समच्या इंग्रजी नावात दोन 'एक्स' आहेत. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांवर ते एकमेकांत गुंफलेले होते. एक्सॉन या तेल कंपनीच्या बोधचिन्हातही तसेच गुंफलेले एक्स असल्यानं तिनं हरकत घेतली, आणि पुढच्या कॅमेऱ्यांवर ते सुटे झाले. जुन्या वस्तू जमवणारे अजून या गुंफलेल्या एक्सच्या मागे असतात. फोटोत त्यामुळे काडीचाही फरक पडत नाही.

आता नावाजण्याबद्दल. ऑटोफोकसचा हा पहिला एसएलआर (आरशातून लेन्समधलंच दृश्य दाखवणारा कॅमेरा) नव्हे. १९७८मध्ये पोलरॉइडनं एसएक्स-७०चा असा अवतार काढला होता, जो आवाजाची लहर सोडून तिच्या परतीच्या वेळेवरून अंतर मोजायचा. १९८१मध्ये पेन्टॅक्स एमई-एफ आला, १९८३मध्ये निकॉन एफ३एएफ आला. या दोघांत फोकस फिरवणारी मोटर लेन्सच्या पोटात होती, त्यामुळे ऑटोफोकस मिळायचा तो एकदोन खास, अवजड लेन्सवरच. ७०००नं सेन्सर आणि मोटर दोन्ही बॉडीत बसवले आणि पहिल्या दिवसापासून सोबत लेन्सचं अख्खं कुटुंब आणलं.

लेन्स काढा आणि बॉडीच्या माउंटकडे, म्हणजे लेन्स अडकते त्या कड्याकडे, नीट बघा. धातूच्या कड्यात स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकासारखं काहीतरी डोकावताना दिसेल. लेन्सच्या मागे त्याच जागी खाच असलेला स्क्रू आहे. लेन्स बसली की टोक खाचेत जातं आणि बॉडीतली मोटर लेन्सचा फोकस पिळते. तो 'घर्र' आवाज येतो तो या दांडीचा आणि दातेरी चाकांचा. शेजारी पाच छोटे सोनेरी ठिपके आहेत. त्यांतून लेन्समधली चिप बॉडीला आपली फोकल लेन्थ, म्हणजे ती दूरचं किती जवळ आणते ते, आणि ॲपर्चर, म्हणजे उजेडाचं भोक केवढं ते, सांगते. आणि एक बारीक तरफ आहे, ती ॲपर्चरची पाती मिटते. यातल्या कशालाही बोट लावू नका, फक्त बघा.

या सगळ्याची किंमत जुन्या गिऱ्हाइकांनी मोजली. मिनोल्टाच्या १९५८पासूनच्या माउंटची एकही लेन्स या बॉडीवर बसत नाही. निकॉननं १९८६च्या एफ-५०१मध्ये १९५९चाच माउंट राखून त्यात अशीच दांडी घुसवली. कॅननला हे जमण्यासारखं नव्हतं, म्हणून १९८७मध्ये त्यांनी जुनं सगळं मोडीत काढलं आणि ईओएस ६५०सोबत नवा माउंट आणला. त्यात मोटर प्रत्येक लेन्समध्ये आणि बॉडीशी संबंध फक्त विजेचा. पुढची वर्षं बघता कॅननचा विचार सरस ठरला, हे मिनोल्टाच्या माझ्यासारख्या पाठीराख्यालाही मान्य करावं लागतं. आणि मिनोल्टाला हे यश महागात पडलं ते वेगळंच. हनीवेल या अमेरिकी कंपनीनं पेटंटचा दावा लावला, १९९२मध्ये ज्युरीनं मिनोल्टाच्या विरोधात कौल दिला आणि १२ कोटी ७५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवावं लागलं.

बाकी तुमच्या हातात काय आहे ते थोडक्यात. शटर ३० सेकंदांपासून १/२००० पर्यंत, फ्लॅशसाठी १/१००. रोल पुढे सरकवायला आतच मोटर, सेकंदाला साधारण दोन फोटो. गोल चकत्या नाहीत, सगळं बटणांवर आणि डोक्यावरच्या छोट्या पडद्यावर. मुख्य कळीला बंद, चालू आणि 'चालू पण बोलका' अशा तीन जागा आहेत. तिसऱ्या जागी ठेवलात तर फोकस लागला की कॅमेरा पिकपिकतो. मी तो पहिल्या तासातच गप्प केला. हाताच्या पकडीत चार पेन्सिल सेल जातात, बारीक, ट्रिपल-ए. कॅमेरा महिनाभर वापरणार नसाल तर ते काढून ठेवा. गळालेल्या सेलचा पांढरा-हिरवा खार पत्र्यांवर चढला की घासून काढणं माझ्यासारख्यांचं पोट भरतं, तुमचं नाही.

प्रश्न : १९८०च्या दशकातला ऑटोफोकस एसएलआर घेतला. कधी चटकन फोकस लागतो, कधी लेन्स पुढे-मागे फिरतच राहते आणि शटर सुटत नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये लाल खुणा लुकलुकतात. लेन्स खराब आहे की कॅमेरा?

बहुधा दोन्ही ठणठणीत आहेत. या प्रश्नाला मी जास्त जागा देणार आहे, कारण अशा 'खराब' कॅमेऱ्यांपैकी बरेचसे खराब नसतात. मी स्वतः एकदा सबंध दुपार घालवून एका गिऱ्हाइकाची चांगली चालणारी लेन्स खोलली, चाकं पुसली, पुन्हा बसवली. तक्रार जशीच्या तशी. शेवटी त्याला म्हटलं, इथेच, माझ्यासमोर फोटो काढून दाखवा. त्यानं कॅमेरा उचलला आणि समोरच्या आडव्या पट्ट्यांच्या खिडकीवर रोखला. लेन्स निघाली फिरायला. मी त्याच्या हातातला कॅमेरा उभा धरला, शटर अर्धं दाबलं, आणि 'टक्'. हिरवा दिवा.

झालं काय ते सांगतो. एक बोट डोळ्यांसमोर धरा आणि आळीपाळीनं एकेक डोळा मिटा. बोट उड्या मारतं. कॅमेऱ्यात हेच होतं. वरच्या मोठ्या आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. त्यातून निसटलेला थोडा प्रकाश मागच्या छोट्या आरशावर पडतो आणि तिथून खाली, आरशाच्या पेटीच्या तळाशी जातो. तळाला दोन चिमुकली भिंगं बसवलेली असतात. लेन्सच्या एका कडेनं आलेला प्रकाश एक भिंग घेतं, दुसऱ्या कडेनं आलेला दुसरं. म्हणजे हे कॅमेऱ्याचे दोन डोळे. त्यांच्या दोन प्रतिमा एका सेन्सरच्या रेषेवर शेजारी शेजारी पडतात. त्यांच्यात ठरावीक अंतर असलं की फोकस बरोबर. त्या जवळ आल्या तर फोकस वस्तूच्या अलीकडे आहे, लांब गेल्या तर पलीकडे. म्हणून कॅमेऱ्याला चाचपडावं लागत नाही. कुठल्या दिशेला आणि किती फिरायचं हे त्याला आधीच कळतं.

आता 'रेषेवर' हा शब्द लक्षात घ्या. त्या पहिल्या पिढीत सेन्सरची एकच रेष होती, चौकटीच्या बरोब्बर मध्ये, आडवी. तिला फक्त डावीकडून उजवीकडे होणारा बदल दिसतो. दाराची उभी चौकट, खांब, चेहऱ्याची कड, अक्षरांच्या उभ्या रेघा तिला पटकन सापडतात. पण आडवी रेघ डावीकडे सरकवा, उजवीकडे सरकवा, ती तशीच दिसते. दोन प्रतिमांमध्ये अंतर किती हे मोजायला तिच्याकडे खूणच उरत नाही. मग क्षितिज, पायऱ्या, आडव्या पट्ट्यांचा शर्ट, खिडकीच्या झडपा यांच्यापुढे बिचारी लेन्स एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शोधत फिरते. रंग दिलेली कोरी भिंत आणि धुकं यांचंही तेच. जाळीसारखं एकसारखं नक्षीकाम असेल तर उलटी फसगत होते. कॅमेरा एका घराची दुसऱ्या घराशी जोडी लावतो आणि भलत्याच ठिकाणी थांबून हिरवा दिवा दाखवतो.

उपाय साधा आहे. आडव्या वस्तूपुढे कॅमेरा उभा किंवा तिरका धरा, शटर अर्धं दाबा, दिवा लागला की बोट तसंच ठेवून कॅमेरा सरळ करा आणि मग पूर्ण दाबा. वस्तू मध्यभागी नको असेल तरीही हीच युक्ती : आधी मध्ये घेऊन अर्धं दाबायचं, मग चौकट हलवायची. मात्र बोट धरून ठेवल्यावर पुढे-मागे सरकू नका. चेहरा दीड मीटरवर असेल आणि ॲपर्चर पूर्ण उघडं असेल तर अर्धं पाऊलसुद्धा डोळ्यावरून फोकस कानावर नेतं.

मिनोल्टा ७०००मध्ये व्ह्यूफाइंडरच्या तळाला मध्ये हिरवा दिवा आणि दोन्ही बाजूंना लाल बाण आहेत. हातानं फोकस लावताना एकच बाण पेटला तर त्या दिशेला कडं फिरवा. ही सोय फार गोड आहे आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. दोन्ही बाण एकदम लुकलुकले तर कॅमेरा सांगतोय, 'मला काही सापडत नाही.' तुमच्या बॉडीतल्या लाल खुणांचा अर्थही बहुतेक तोच असणार. आणि एकेक फोटोच्या ऑटोफोकसवर या पिढीतल्या बहुतेक बॉडी फोकस लागल्याशिवाय शटर सोडत नाहीत, हा बिघाड नाही, रचना आहे. अशा वेळी माउंटजवळची एएफ-एम कळ एमवर, म्हणजे हाताच्या फोकसवर, सरकवा आणि पुढे चला.

एक वेगळी शक्यता. लेन्सचं ॲपर्चर लहान असेल, साधारण एफ/६.७च्या पुढे, किंवा मध्ये लेन्सची पोच वाढवणारा टेलिकन्व्हर्टर अडकवला असेल तर त्या दोन डोळ्यांपर्यंत प्रकाश पोचतच नाही. मग कॅमेरा कितीही वळवा, व्यर्थ. आणि पळत्या गोष्टींसाठी ७०००वर रागावू नका. वस्तू पुढच्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज घेऊन फोकस लावणारी सोय मिनोल्टात १९८८च्या ७०००आयपासून आली. ७०००वर मी वाटेतली एखादी खूण धरून आधीच फोकस लावतो, कळ एमवर नेतो आणि वाट बघतो.

प्रश्न : ऑटोफोकसचा कॅमेरा, त्यातही 'पी'वर ठेवतो म्हणून आमच्या ग्रुपमधले मित्र हसतात. पीवर काढलेल्या फोटोत आपलं काय असतं?

कुठे उभं राहायचं आणि कधी दाबायचं हे तुमचं असतं. हसू द्या.

ज्या पीला, म्हणजे शटर आणि ॲपर्चर दोन्ही कॅमेऱ्यावर सोडणाऱ्या प्रोग्रॅमला, ते हसतात तो वाटतो तेवढा बावळट नसतो. ७०००चा प्रोग्रॅम लेन्सच्या चिपकडून फोकल लेन्थ विचारून घेतो आणि त्याप्रमाणे तीन वेगळे हिशेब चालवतो : ३५ मिमीच्या आतल्या लेन्सला एक, ३५ ते १०५ला दुसरा आणि त्यावर तिसरा. लांबच्या लेन्सनं हात हलल्याचं जास्त दिसतं, म्हणून तिथे तो शटर आधी वेगवान करतो. रुंद लेन्सला ॲपर्चर आधी मिटू देतो. मी हातानं जे केलं असतं तेच, फक्त माझ्याहून लवकर. मात्र त्याचं मोजमाप मध्यभागाला झुकतं माप देणारं आहे, मागून ऊन आलं की तो फसतो आणि माणूस काळा पडतो. तिथे जवळ जाऊन चेहऱ्यावर मोजा, ते माप पकडून ठेवणारं एईएल बटण दाबून धरा आणि मागे येऊन फोटो काढा. मित्रांना यावर बोलायला सांगा.

प्रश्न : माझ्या जुन्या, हातानं फोकस लावायच्या कॅमेऱ्याचा पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) नव्या घेतलेल्या ऑटोफोकस कॅमेऱ्यावर लावला तर फोकस अडखळतो. का?

तो साधा, म्हणजे लिनिअर पोलरायझर असणार. वर सांगितलेला अर्धपारदर्शक आरसा एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सरळपणे विभागत नाही. फिल्टर जसा फिरवाल तसा खालच्या सेन्सरला कधी कमी, कधी जास्त प्रकाश मिळतो. उजेडाचं मोजमापही यात चुकू शकतं. सर्क्युलर पोलरायझर घ्या. त्याच्या मागच्या थरातून प्रकाश पुन्हा 'गोल' होऊन आत जातो. जुना टाकू नका, जुन्या कॅमेऱ्यावर तो उत्तम चालतो.

प्रश्न : घरात डिजिटल कॅमेरा आहे. त्याच्याच लेन्स चालतील असा जुना ऑटोफोकस फिल्म कॅमेरा घ्यायचा तर कुठला?

तुम्ही डिजिटल कुठला ते लिहिलंच नाही, त्यामुळे तिन्ही घरं सांगतो.

कॅननचा डीएसएलआर, म्हणजे डिजिटल एसएलआर, असेल तर काम सोपं. ईएफ लेन्स १९८७च्या ईओएस ६५०पासून प्रत्येक ईओएस फिल्म बॉडीवर बसते. फक्त ईएफ-एस लेन्स चालत नाहीत, त्या लहान सेन्सरसाठी आहेत आणि फिल्म बॉडीवर बसतच नाहीत.

निकॉनमध्ये भानगड आहे. माउंट एकच, म्हणून बहुतेक सगळं सगळ्यावर बसतं, पण चालतं असं नाही. उदाहरणार्थ, १९८८ची एफ-८०१ ही माझी आवडती बॉडी. १/८००० शटर, फ्लॅशला १/२५०, आणि सेल साधे डबल-ए. पण हिच्यावर मोटरवाली एएफ-एस लेन्स लावली तर ऑटोफोकस मिळत नाही. ॲपर्चरचं कडं नसलेली 'जी' लेन्स लावली तर पी आणि एस (शटर तुम्ही, ॲपर्चर कॅमेरा) चालतात, ए (ॲपर्चर तुम्ही, शटर कॅमेरा) आणि एम (दोन्ही हातानं) नाही, कारण तिथे ॲपर्चर कड्यावरून ठरतं आणि कडंच नाही. विजेवर ॲपर्चर हलवणारी 'ई' लेन्स लावली तर पाती मिटतच नाहीत. तुमच्याकडे नव्या लेन्स असतील तर १९९९ची एफ१०० बघा. एएफ-एस आणि जी दोन्ही तिच्यावर नीट चालतात.

तुमचा डिजिटल सोनीचा ए-माउंट डीएसएलआर असेल तर मिनोल्टा बघा. मिनोल्टाच्या लेन्स त्यावर बसतात, कारण २००६मध्ये कोनिका मिनोल्टानं कॅमेऱ्याचा धंदा सोडला आणि सोनीनं तो माउंट पुढे चालवला. ७०-२१० एफ/४ ही १९८५ची लेन्स लोक अजून शोधतात. आकारावरून तिला बिअर-कॅन म्हणतात. जड आहे, फोकसला आरामशीर आहे, आणि झूम करताना तिची लांबी बदलत नाही. माझी मी कुणाला उसनी देत नाही.

प्रश्न : मोठ्या रिळातून स्वतः भरलेले रोल वापरतो. ऑटोफोकस बॉडीत घातल्यावर सगळे फोटो फिके-गडद का येतात?

डबी बघा. विकतच्या रोलच्या डबीवर रुपेरी-काळ्या चौकटींची ओळ असते. हा डीएक्स कोड, कोडॅकनं १९८३मध्ये आणलेला. बॉडीतल्या टोकदार पिना त्या चौकटींना टेकतात. रुपेरी म्हणजे वीज वाहते, काळा म्हणजे नाही. त्यावरून फिल्मची गती ठरते. तुमची डबी कोरी असेल तर बऱ्याच बॉडी गुपचूप १०० धरतात. तुम्ही भरली ४००ची फिल्म, म्हणजे दोन स्टॉप जास्त, चौपट प्रकाश. बॉडीवर आयएसओ, म्हणजे हीच गती, हातानं ठरवायची सोय असेल तर रोल घातल्यावर लगेच ठरवा, ७०००वर आहे. नसेल तर ४००च्या एखाद्या रिकाम्या डबीत फिल्म भरा, किंवा डबीवरचे रुपेरी चौकोन बघून चिकटपट्टी आणि ॲल्युमिनियमच्या कागदानं तसेच बनवा. मी दुसरा उपाय एकदाच केला. कागद आत सुटला आणि पिनांमध्ये अडकला. पुन्हा करणार नाही.

प्रश्न : पडून राहिलेला एक ऑटोफोकस कॅमेरा मिळतोय. बाहेरून चकचकीत आहे. रोल न घालता काय काय तपासता येईल?

चकचकीत असण्यावर जाऊ नका, पेटीत झाकून ठेवलेलेच आतून जास्त सडतात. सेल सोबत न्या, आणि ते बसवायच्या आधी सेलच्या कप्प्यातले पत्रे बघा.

मग मागचं दार उघडा. दाराच्या कडेच्या खाचांत आणि बिजागराशी काळा फोम असतो. तीस-चाळीस वर्षांत हवेतल्या ओलाव्यानं त्याचं डांबर होतं. काडीनं हलकेच टोचून बघा. चिकटला तर बदलायला हवा. हे काम घरीही होतं. जुना फोम आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीनं काढायचा, नवी पट्टी चिकटवायची. त्याहून वाईट चिकटा दिसत नाही. काही बॉडींत शटरची पाती जिथे आपटून थांबतात तिथेही रबर-फोमचा तुकडा असतो. तो विरघळला की पात्यांवर काळ्या तेलासारखा डाग येतो, पाती एकमेकांना चिकटतात आणि फोटोचा एखादा पट्टा कोरा किंवा पांढराफटक येतो. म्हणून पात्यांवर प्रकाश तिरका पाडून बघा. डाग दिसला तर बोट लावू नका, पुसू नका. केसाएवढ्या पातळ पात्यांना बाक आला की खेळ संपला. मी माझ्या उमेदवारीच्या दिवसांत एक अशीच घाईत पुसली होती, आणि त्या कॅमेऱ्याची पुढची सगळी वर्षं सुट्या भागांच्या डब्यात गेली.

दार उघडंच ठेवून, फोकस हातावर आणि कॅमेरा एमवर घ्या. शटर एक सेकंद, ॲपर्चर एफ/१६. कॅमेरा खिडकीकडे धरा, मागून बघा आणि दाबा. सेकंदभर मधोमध छोटं, नीट भोक दिसलं पाहिजे. आता एफ/८, मग एफ/४. प्रत्येक वेळी भोक मोठं व्हायला हवं. आकडा बदलूनही भोक तेवढंच राहिलं तर ॲपर्चर थांबवणारा विद्युत्-चुंबक किंवा त्याची तरफ अडकली आहे. हा दोष बाहेरून कळत नाही, मीटर बरोबर दाखवतो, शटर छान वाजतं आणि रोल धुतल्यावर सगळं उघडं पडतं. विकणारा ही तपासणी करू देत नसेल तर उठा.

डोक्यावरच्या पडद्याच्या कोपऱ्यात काळं 'शाईसारखं' पसरलं असेल तर ते एलसीडीतलं द्रव आहे. आकडे वाचता येत असतील तर अनेक वर्षं काढता येतात. लेन्समध्ये टॉर्च मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, आणि तिला मी नकार देतो.

प्रश्न : हल्लीचा डिजिटल कॅमेऱ्याचा फ्लॅश जुन्या ऑटोफोकस बॉडीवर टीटीएलमध्ये का चालत नाही?

टीटीएल म्हणजे लेन्समधून आत आलेल्या उजेडावरून फ्लॅश किती हे कॅमेऱ्यानं ठरवणं. फिल्म कॅमेरा फ्लॅश चालू असतानाच फिल्मवरून परतणारा उजेड मोजतो आणि पुरेसा झाला की फ्लॅश तोडतो. डिजिटलमध्ये आधी छोटा चाचणी-झोत टाकून हिशेब होतो. दोघांची भाषा वेगळी. फ्लॅशचा स्वतःचा ऑटो किंवा मॅन्युअल वापरा. मिनोल्टावाल्यांनी आणखी एक ध्यानात घ्या : ७०००चा बूट, म्हणजे डोक्यावरची फ्लॅश अडकवायची खाच, नेहमीचा आहे, पण १९८८पासूनच्या बॉडींवर कंपनीनं स्वतःचाच वेगळा बूट बसवला. ७०००साठी जुना २८००एएफ मिळाला तर घ्या. अंधारात तो फोकससाठी लाल झोत टाकतो आणि त्या एका रेषेला अंधारातही बघायला काहीतरी मिळतं.

प्रश्न : काका, आजोबांच्या ऑटोफोकस कॅमेऱ्यात रोल आहे. मागच्या खिडकीतून डबी दिसते. कॅमेरा किमान पंचवीस वर्षं बंद आहे. दार उघडू का?

नको रे. आधी त्या खिडकीतून डबीवरचं नाव वाच आणि कागदावर लिहून ठेव. सगळं पुढचं त्या नावावर आहे.

मग नवे सेल घाल. घातल्या घातल्या मोटर चालू झाली तर घाबरू नकोस, काही बॉडी तसं करतात. पडद्यावर आकडा येतो का बघ. आला तर शटर दाबायचा मोह टाळ, उरलेले फोटो 'संपवू' नकोस. एवढ्या जुन्या फिल्मवर आजचे फोटो बरे येणार नाहीत, आणि जुनी मोटर ठिसूळ फिल्म ओढताना तोडू शकते. रिवाइंडची कळ शोध आणि रोल डबीत परत घे. फिल्म गुंडाळल्याचा आवाज बदलला, मोटर मोकळी फिरली, की झालं. मोटर अडकली किंवा कॅमेरा जागाच झाला नाही तर पूर्ण काळोख्या खोलीत, दाराच्या फटीसुद्धा बुजवून, दार उघडून फिल्म हातानं डबीत फिरवावी लागेल. ते फिल्म धुणाऱ्याकडून करून घे.

एक अपवाद असा की, १९९९च्या ईओएस ३००सारख्या काही बॉडी रोल घालताच सगळी फिल्म आधी बाहेर ओढतात आणि प्रत्येक फोटोनंतर तेवढी डबीत परत घेतात. तसा कॅमेरा असेल तर काढलेले फोटो आधीच डबीत सुरक्षित आहेत. तरीही दार उघडू नकोस.

आता नावाचं. रंगीत निगेटिव्ह असेल आणि रंगांची आशा सोडायची तयारी असेल, तर ती कृष्णधवल रसायनात धुवायला सांग. एवढ्या वर्षांत रंगांचे थर वेगवेगळ्या गतीनं खचतात, चांदीतली प्रतिमा त्यामानानं टिकते. कृष्णधवल रोल असेल तर सगळ्यात बरं. डबीवर कोडाक्रोम लिहिलं असेल तर तिची रंगीत धुलाई जगात कुठेच होत नाही, शेवटचे रोल २०१०च्या अखेरीस घेतले गेले. तीसुद्धा कृष्णधवल धुता येते, पण सगळ्यांना जमत नाही, आधी विचारून घे.

धुवायला देताना डबीवर चिठ्ठी लाव : कधीची फिल्म, किती वर्षं कॅमेऱ्यात, आणि 'कापू नका'. अंधुक फोटोंमधली सीमा यंत्राला दिसत नाही आणि ते नेमकं चेहऱ्यावरून कापतं. सबंध पट्टी परत आली की मला कळव. त्यावर काय आलं त्यापेक्षा मला हे हवंय की, आजोबांचा फोकस उभ्या कडेवर लागला होता की आडव्या.